कन्साइनमेंटवरची जुनी मोटरहोम: समोर बसलेला माणूस विक्रेता नसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघे न्यू जर्सीत राहता, यंदा निवृत्त झालात. टेक्सासमधल्या एका कन्साइनमेंट डीलरकडे २०१७ ची, ३१ फुटी, फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावरची क्लास सी मोटरहोम (ड्रायव्हरच्या केबिनमागे आणि वर घर चढवलेली गाडी) तुम्हाला पसंत पडली आहे. डीलर सांगतो की मालकीणबाई वयस्कर आहेत, यजमान गेले, आता चालवायला कोणी नाही. टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) क्लीन आहे, आमच्या मेकॅनिकने तपासणी केलेली आहे, वेगळा इन्स्पेक्टर आणायची गरज नाही. शनिवारपर्यंत ५,००० डॉलर भरले तर गाडी राखून ठेवतो, मात्र ते पैसे परत मिळणार नाहीत. भरावेत का?

आत्ता भरू नका. गाडी चांगली असू शकेल, डीलरही सरळ असेल. पण त्याने सांगितलेल्या चार गोष्टींपैकी एकही तुम्ही स्वतः पाहिलेली नाही, आणि ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांच्याशी तुमचं एक वाक्यही बोलणं झालेलं नाही.

मी ह्यूस्टनजवळ राहतो. चार वर्षं एका कन्साइनमेंट डीलरच्या सर्व्हिस विभागात काम केलं आणि गेली बारा वर्षं स्वतंत्रपणे आरव्हींची, म्हणजे मोटरहोम आणि राहायच्या ट्रेलरची, तपासणी करतो. त्यामुळे या धंद्याच्या दोन्ही बाजू मी आतून पाहिल्या आहेत.

कन्साइनमेंट म्हणजे काय हे आपल्या लोकांना मार्केट यार्डाच्या भाषेत पटकन कळतं. शेतकरी कांदा अडत्याकडे उतरवतो. कांदा शेतकऱ्याचाच असतो, अडत्या गिऱ्हाईक आणतो, सौदा करतो, आपली अडत कापून घेतो आणि उरलेल्या पैशांची पट्टी शेतकऱ्याच्या हाती देतो. कन्साइनमेंट डीलर हा असा अडत्या आहे. गाडी त्याच्या अंगणात उभी असते, चाव्या त्याच्याकडे असतात, जाहिरात त्याच्या नावाने असते, पण टायटलवर नाव मालकाचं असतं. डीलरने त्या गाडीत स्वतःचा एक डॉलरही घातलेला नसतो. ट्रेड-इनमध्ये, म्हणजे नवी विकताना डीलरने बदल्यात स्वतः घेतलेली गाडी आणि ही गाडी शेजारी शेजारी उभ्या असल्या, तरी तुमच्या दृष्टीने हे दोन अगदी वेगळे व्यवहार आहेत.

यात एक मोठा फायदा आहे आणि एक मोठा धोका. फायदा असा की गाडीचा खरा मालक अजून हाताशी आहे, त्याला तिचा सगळा इतिहास ठाऊक आहे. धोका असा की तुमचे पैसे मालकाकडे पोचण्याआधी तिसऱ्याच्या खात्यातून जातात. बहुतेक लोक फायदा वापरत नाहीत आणि धोक्याकडे बघत नाहीत. सगळं लक्ष सोफ्याच्या रंगावर आणि टीव्हीच्या आकारावर असतं.

आधी धोक्याबद्दल, कारण त्यात माझीही एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी डॅलसच्या एका मराठी जोडप्यासाठी मी एक क्लास ए (बससारखी मोठी मोटरहोम) तपासली. गाडी उत्तम होती. छत कोरडं, इंजिन निरोगी, जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू. मी एकशे वीस फोटोंचा अहवाल दिला, त्यांनी दुसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम डीलरच्या खात्यात वायरने पाठवली आणि ६० दिवसांची कागदी नंबरप्लेट लावून गाडी घरी नेली. साठ दिवस संपले तरी टायटल आलं नाही. डीलर म्हणाला, बँकेकडून उशीर होतोय. मग एके दिवशी मूळ मालकाचाच त्यांना फोन आला: माझ्या खात्यातून अजून हप्ता कापला जातोय, तुम्ही गाडीचे पैसे दिलेत की नाही? त्यांनी दिले होते. डीलरने ते आपल्या जुन्या देण्यांत फिरवले होते. बँकेचं कर्ज तसंच, टायटल बँकेच्या ताब्यात, गाडी सात महिने भाड्याच्या जागेत उभी. पुढे डीलरने दुकान बंद केलं. शेवटी वकील लावून, मालक आणि बँक यांच्याशी तडजोड करून, आणखी जवळपास १९,००० डॉलर भरल्यावर ती गाडी त्यांच्या नावावर झाली. माझ्या एकशे वीस फोटोंत टायटलचा एकही फोटो नव्हता. तेव्हापासून मी कागद पाहिल्याशिवाय गाडीला हात लावत नाही.

तुम्ही विचाराल, डीलरला परवाना असतो, त्यावर सरकारचं काही संरक्षण नसतं का? असतं, पण ते किती हे पाहा. टेक्सासमध्ये जुन्या गाड्यांच्या स्वतंत्र डीलरला शुअरिटी बाँड (गिऱ्हाइकांच्या नुकसानभरपाईची हमी) द्यावा लागतो, त्याची रक्कम २०२१ पासून ५०,००० डॉलर आहे. कॅलिफोर्नियातही आकडा तोच. ही रक्कम एका गिऱ्हाइकासाठी नसते, त्या डीलरकडे अडकलेल्या सगळ्यांसाठी मिळून असते. एक डिझेल पुशर (मागे डिझेल इंजिन असलेली मोठी मोटरहोम) लाख डॉलरच्या वर जाते. असे पाच-सहा जण दावा करायला उभे राहिले की वाट्याला काय येईल याचा हिशेब तुम्हीच करा. कायदाही काही अंशी तुमच्या बाजूने आहे. यूनिफॉर्म कमर्शियल कोडच्या कलम २-४०३ प्रमाणे, मालकाने माल त्याच मालाच्या व्यापाऱ्याकडे सोपवला आणि तुम्ही तो सरळपणे विकत घेतला, तर मालकाचा हक्क तुमच्याकडे येतो. पण मालकाने काढलेल्या कर्जाचा टायटलवर नोंदवलेला लीन (बोजा) त्याने पुसला जात नाही. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असताना जमीन घेतली तर बोजा जमिनीबरोबर येतो, तसंच.

आणि आज बोजा असलेल्या गाड्या भरपूर आहेत. कोविडच्या काळात आरव्हींवर लोक तुटून पडले. २०२१ मध्ये कारखान्यांतून ६ लाखांहून जास्त आरव्ही बाहेर पडल्या, ट्रेलर धरून. २०२३ मध्ये तोच आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. चढ्या भावात, पंधरा-वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेल्या गाड्यांचे भाव उतरले आणि आता कित्येक मालकांचं कर्ज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आहे. तुमची गाडी २०१७ ची असली तरी तिचा आजचा मालक पहिलाच असेल असं नाही. असं कर्ज असेल तर तुमच्या पैशांनी ते पूर्ण फिटतच नाही, वरची रक्कम मालकाला स्वतःच्या खिशातून घालावी लागते. त्याने ती घातली नाही तर टायटल सुटत नाही. म्हणून “टायटल क्लीन आहे” या वाक्यावर समाधान मानू नका. क्लीन म्हणजे गाडी सॅल्व्हेज (नुकसानीमुळे भंगार ठरलेली) झालेली नाही, एवढंच डीलरच्या मनात असू शकतं. तुम्ही विचारा: टायटलवर लीन आहे का? असल्यास कोणत्या बँकेचा, किती बाकी?

मग कागद मागा. टायटलच्या दोन्ही बाजूंचा फोटो. मालकाने डीलरशी केलेला कन्साइनमेंट करार: त्यावरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक), मालकाची सही, मुदत संपण्याची तारीख, आणि डीलरला नक्की कशाचा अधिकार दिला आहे ते. कर्ज असेल तर बँकेचं पेऑफ लेटर, ज्यावर किती तारखेपर्यंत किती रक्कम आणि त्यानंतर रोजचं व्याज किती, हे लिहिलेलं असतं. व्यवसाय सचोटीने करणारा डीलर हे कागद कुरकुर न करता देतो. मी ज्यांच्याकडे नोकरी केली त्यांच्या फाइलमध्ये हे तिन्ही कागद पहिल्या दिवसापासून असायचे.

तुमच्या बाबतीत आणखी एक कागद. यजमान गेले असं डीलर म्हणतो. टायटल कोणाच्या नावावर आहे? फक्त यजमानांच्या असेल तर मालकीणबाईंची सही पुरत नाही, आधी वारसाचं काम व्हायला हवं. टेक्सासमध्ये वाहनासाठी वारसांच्या प्रतिज्ञापत्राचा वेगळा फॉर्म आहे, किंवा कोर्टाकडून मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचं पत्र लागतं. यजमानांनी हयातीत डीलरला पॉवर ऑफ अटर्नी (मुखत्यारपत्र) दिली असेल तर ती त्यांच्या मृत्यूबरोबर संपली. आपल्याकडे वारस नोंद झाल्याशिवाय कोणी खरेदीखत करत नाही, तोच नियम इथेही डोक्यात ठेवा. वयस्कर जोडप्यांच्या गाड्या कन्साइनमेंटवर पुष्कळ येतात, त्यामुळे ही अडचण मी वरचेवर पाहतो. सहसा ती सुटते, पण ती सुटेपर्यंत तुमचे पैसे तुमच्याच खात्यात असावेत.

पैसे द्यायची पद्धत. इसार द्यायला हरकत नाही, पण पाच हजार नाही आणि परत न मिळणारा तर मुळीच नाही. पाचशे ते हजार डॉलर, क्रेडिट कार्डाने, आणि पावतीवर स्पष्ट शब्दांत: स्वतंत्र तपासणी आणि बोजाविरहित टायटल या दोन अटींवर, दोन्हींपैकी काहीही बिनसलं तर पूर्ण परत. उरलेली रक्कम देताना कर्ज असेल तर दोन चेक करा. एक थेट बँकेच्या नावाने, पेऑफ लेटरवरच्या रकमेचा, कर्ज खात्याचा क्रमांक घालून. दुसरा उरलेल्या रकमेचा डीलरला. मालकाची बँक जवळ असेल तर तिथेच बसून व्यवहार करा. तेही जमत नसेल तर एस्क्रो कंपनी (अटी पुऱ्या होईपर्यंत पैसे सांभाळणारा त्रयस्थ) मध्ये घ्या, तिची फी तुम्ही भरा आणि वाचलेल्या झोपेची किंमत समजा. कर्ज नसेल आणि सही केलेलं मूळ टायटल डीलरच्या टेबलावर असेल, तर पैसे आणि टायटल यांची अदलाबदल एकाच बैठकीत. “टायटल आठवडाभरात पोस्टाने येईल” हे उत्तर मला चालत नाही.

आता फायद्याकडे. मालकीणबाईंशी बोलायला मागा. डीलर बहुधा का-कू करेल. त्याची भीती अशी की तुम्ही दोघं त्याला वगळून सौदा कराल आणि त्याची अडत बुडेल. ती भीती खोटी नाही, म्हणून तुम्हीच सुचवा: तुम्हीही फोनवर राहा, किमतीबद्दल एक शब्द बोलणार नाही. या बोलीवर मला फार क्वचित नकार आला आहे.

त्यांना काय विचारायचं? गाडी शेडमध्ये उभी असायची की उघड्यावर? छताचं सीलंट शेवटचं कधी आणि कोणी केलं? टायर कधीचे? शेवटचा लांबचा प्रवास कुठला? आणि माझा आवडता प्रश्न: ही गाडी तुम्हीच ठेवणार असता तर आधी काय दुरुस्त केलं असतं? हे विचारून गप्प बसा. माणसं आपल्या गाडीबद्दल बोलायला उत्सुक असतात, लपवाछपवीपेक्षा आठवणी जास्त निघतात. एका आजींनी मला अगदी सहज सांगितलं होतं, “काही नाही रे, बाथरूमच्या वरच्या खिडकीतून थोडं पाणी येतं, पाऊस आला की मी तिथे भांडं ठेवते.” डीलरच्या यादीत त्या खिडकीपुढे बरोबरची खूण होती. डीलर खोटं बोलला असंही नाही. त्याच्याकडे गाडी आल्यापासून पाऊसच पडला नव्हता.

पाणी. जुन्या मोटरहोममध्ये इतर सगळ्या दोषांपेक्षा मी याला जास्त घाबरतो. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते म्हणायचे, इंजिन बदलता येतं, पण पत्र्याखाली पाणी मुरलं की बॉडी संपली. इथे तर बाहेरच्या आवरणाखाली लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची पातळ चौकट, फोम आणि प्लायवूड असतं. इंजिन फोर्डचं, कोणताही ट्रक गॅरेजवाला दुरुस्त करेल. कुजलेली भिंत उघडली की खर्चाला तळ नसतो.

तुमच्या क्लास सीमध्ये सर्वात नाजूक जागा म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग. गाडी धावताना वारा आणि पाऊस थेट त्याच्या नाकावर बसतो आणि पुढच्या सांध्यांतून, दिव्यांच्या भोकांतून पाणी शिरतं. वर चढा, गादी पूर्ण उचला. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत अंगठ्याने जोर देऊन दाबा. कोरडं प्लायवूड अंगठ्याला उलटं ढकलतं, कुजलेलं शिळ्या पावासारखं आत जातं आणि तसंच राहतं. स्टेपलच्या पिना गंजल्या आहेत का पाहा, त्यांच्याभोवती चहाच्या रंगाचं वलय असेल तर पाणी येऊन वाळलेलं आहे. मग टॉर्च भिंतीला समांतर, जवळजवळ टेकवून धरा. सरळ प्रकाशात सपाट दिसणारी भिंत अशा तिरक्या प्रकाशात आपले फुगे दाखवते. बाहेरून फायबरग्लासवरही तेच करा, आणि बोटाच्या पेराने ठोकत जा, कुंभाराकडे मडकं वाजवून घेतो तसं. घट्ट चिकटलेल्या भागाचा आवाज भरीव येतो, सुटलेल्या भागाचा पोकळ. याला डिलॅमिनेशन म्हणतात, आणि ते मोठ्या भागात असेल तर मी सरळ गाडी सोडून द्यायला सांगतो, किंमत कितीही उतरवली तरी.

तिथून वरच्या कपाटांचे मागचे कोपरे, स्लाइड-आउटच्या (बाहेर सरकणाऱ्या भागाच्या) कडेची जमीन, शॉवरभोवतीची भिंत, मागच्या बंपरवरचा खालचा भाग. जमिनीवर अनवाणी चाला, पाय चपलेपेक्षा शहाणे असतात. छतावर चढून एसी, व्हेंट आणि स्कायलाइटभोवतीचं सीलंट बघा. त्याला तडे गेलेले चालतील, ते वरचेवर नवं भरायचंच असतं. पण वेगवेगळ्या रंगांचे, घाईत थापलेले तीन-चार थर दिसले तर खाली काहीतरी लपवलेलं आहे असं धरून चाला. डीलरला आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी बंदच ठेवा, एसी लावून ठेवू नका. दार उघडल्यावर पहिल्या श्वासात जो वास येतो तो महत्त्वाचा असतो. आत सुगंधी फवारा मारलेला असेल तर मी मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) आधी काढतो.

ह्यूस्टनच्या आसपासची गाडी असेल तर पुराचंही पाहा. ऑगस्ट २०१७ च्या हार्वी वादळात इथे असंख्य वाहनं बुडाली. खालच्या सामानाच्या कप्प्यांत वायरींच्या जोडांवर वाळलेला गाळ, सीटखालच्या बोल्टवर गंज, या खुणा कितीही धुतलं तरी मागे राहतात. व्हीआयएनवरून एनएमव्हीटीआयएसचा अहवाल घ्या, थोड्याच डॉलरमध्ये मिळतो. ती न्याय खात्याखाली चालणारी टायटलची राष्ट्रीय नोंद आहे. विमा कंपन्यांच्या एनआयसीबी या संस्थेची व्हीआयएनचेक सेवा तर फुकट आहे.

बाकीची तपासणी इन्स्पेक्टर करेलच, पण काही गोष्टी तुम्हाला ठाऊक असाव्यात. इंजिन थंड असताना सुरू करायचं, बॉनेटला हात लावून बघा, ते आधीच गरम असेल तर का ते विचारा. टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे तारीख सांगतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर आतून तडकलेलं असतं. सहा-सात वर्षांपेक्षा जुने असतील तर सहाही टायर बदलायचे म्हणून हजार डॉलरच्या वरची रक्कम बाजूला धरा. मागच्या जोडचाकांतला आतला टायरही वाचायला विसरू नका. आकडे कधी कधी फक्त आतल्या बाजूला असतात, खाली झोपून टॉर्चने वाचावे लागतात.

फ्रीज गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा असेल तर तो थंड व्हायला बारा तासांच्या आसपास लागतात, म्हणून आदल्या दिवशी सुरू करून ठेवायला सांगा. मागच्या बाजूला पिवळसर पूड किंवा अमोनियाचा वास असेल तर त्याचं युनिट गेलं. जनरेटरचे तास बघा आणि कमी दिसले म्हणून खूश होऊ नका. ओनान जनरेटर महिन्यातून एकदा, अर्ध्या लोडवर दोनेक तास चालवायचा असतो. इतक्या वर्षांत पन्नास तास म्हणजे तो नुसता उभा होता आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा बसला असणार. एसी लावून त्याला लोड द्या, आवाज वरखाली डुलतो का ऐका. पाण्याचा पंप सुरू करा, सगळे नळ बंद करा आणि पाच मिनिटं शांत बसा. पंप मध्येच आपोआप चालू झाला तर कुठेतरी गळतंय. गॅसची लाइन दाबाखाली ठेवून गळती तपासायची असते, ती इन्स्पेक्टरकडूनच करून घ्या, यात घाई नको. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरवर मुदतीची तारीख असते, संपलेली असेल तर गाडी घेतल्या दिवशी बदला.

डीलरने “विंटराइझ केली आहे (थंडीसाठी नळ्यांत न गोठणारा द्रव भरला आहे), पाणी भरता येणार नाही” असं सांगितलं तर ते कारण म्हणून मान्य करू नका. नळांतला गुलाबी द्रव धुऊन काढायला तासभर लागतो. त्याची मजुरी तुम्ही द्या, पण पाणी फिरवल्याशिवाय गाडी घेऊ नका.

इन्स्पेक्टर कोणता? नॅशनल आरव्ही इन्स्पेक्टर्स असोसिएशनच्या यादीतला, तुम्ही स्वतः निवडलेला. डीलरने सुचवलेला नको, तो कितीही चांगला असला तरी. माझाच धंदा म्हणून सांगतो असं वाटेल, पण खरंच सांगतो: क्लास सीच्या तपासणीला कित्येक शे डॉलर लागतात, आणि तुम्ही पंधराशे मैलांवर बसला आहात. इंजिन, ट्रान्समिशन आणि जनरेटरच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. डीलरच्या मेकॅनिकची तपासणी ही डीलरसाठी असते. मी स्वतः तशा शेकड्याने केल्या, दिवे लागतात, ब्रेक लागतात, एवढंच पाहायला वेळ मिळायचा.

दोन कागदी बारकावे. चासी (इंजिन आणि चाकांचा सांगाडा) फोर्डने आधी बनवलेली असते आणि घर नंतर चढतं, त्यामुळे २०१७ च्या मोटरहोमची चासी २०१६ ची असू शकते, यात फसवणूक नाही. पण रिकॉल (दोषामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं) दोन्हींचे वेगवेगळे निघतात, वाहन सुरक्षेच्या संघीय संस्थेच्या, एनएचटीएसएच्या, साइटवर दोन्ही पाहा. दुसरं, जुन्या कारच्या खिडकीला वॉरंटी सांगणारा जो बायर्स गाइड चिकटवलेला असतो, त्याचा संघीय नियम ८,५०० पौंडांखालच्या वाहनांपुरता आहे. तुमची गाडी १४,५०० पौंडांच्या वर्गातली. तेव्हा खिडकी कोरी असली तरी करारात “ॲज इज” लिहिलेलं असणार, म्हणजे अंगणाबाहेर पडल्यावर जे निघेल ते तुमचं. टायटलवर गाडी किती मैल चालली ते लिहायचा नियम मात्र तुमच्या गाडीला लागू आहे. १६,००० पौंडांवरची क्लास ए असती तर टायटलवर मैलांपुढे “एक्झेम्प्ट” (सूट) लिहिलेलं चाललं असतं.

किंमत. डीलर आणि मालक यांचा करार दोन प्रकारचा असतो: एक ठरावीक टक्के अडत, किंवा “मला एवढे हातात द्या, वरचे तुमचे”. दुसऱ्या प्रकारात घासाघीस मालकाशी नसून डीलरच्या वाट्याशी असते आणि तिथे जागा बरीच निघते. डीलर हे सांगणार नाही, पण कन्साइनमेंट करार पाहिलात तर कळेल. गाडी अंगणात किती दिवस उभी आहे हेही विचारा. तीन-चार महिने टेक्सासच्या उन्हात उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असते, कोणी जनरेटर फिरवलेला नसतो, आणि मालकाला दर महिन्याला विमा भरावा लागत असतो. तपासणीत निघालेल्या दोषांची यादी फोटोंसकट द्या आणि ती मालकीणबाईंपर्यंत पोचू द्या. दुरुस्ती करायची की किंमत कमी करायची हा निर्णय त्यांचा आहे, डीलरचा नाही. जे.डी. पॉवरच्या किंमत-यादीतला भाव, जो पूर्वी नाडा (NADA) म्हणून ओळखला जायचा, संदर्भाला ठेवा. आकडा विचारताना सगळ्या फीसकट एकच आकडा मागा. गाडी टेक्सासबाहेर नेणार असल्याचा फॉर्म भरला की इथला विक्रीकर लागत नाही, न्यू जर्सीत नोंदणी करताना तिथला ६.६२५ टक्के भरा. मोंटानात कागदी कंपनी काढून कर वाचवा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

दाराच्या आतल्या पिवळ्या लेबलवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. ३१ फुटी क्लास सीमध्ये हा आकडा कमी निघू शकतो. चाळीस गॅलन पाण्याचंच वजन ३३० पौंडांच्या वर होतं. नातवंडांना घेऊन फिरायचा बेत असेल तर हे लेबल सोफ्याच्या आधी वाचा.

सगळं जमलं, टायटल हातात आलं, विमा सुरू झाला, की लगेच घरच्या रस्त्याला लागू नका. पहिली रात्र डीलरपासून वीस-तीस मैलांवरच्या कॅम्पग्राउंडवर काढा, वीज आणि पाण्याचं कनेक्शन असलेल्या. सगळ्या शेगड्या पेटवा, गरम पाण्याने आंघोळ करा, स्लाइड दोनदा आतबाहेर करा, रात्रभर एसी चालू ठेवा. जे बिघडेल ते डीलर अजून अर्ध्या तासावर असताना बिघडू द्या. संध्याकाळी कॅम्पग्राउंडवाल्याची परवानगी काढून छतावर आणि पुढच्या नाकावर दहा मिनिटं नळीने पाणी सोडा. सकाळी वरच्या पलंगाची गादी उचलून दोन्ही कोपऱ्यांत हात फिरवा. हात कोरडा आला की उत्तरेकडे निघा.